डोळे मिटायचे नाहीत

मंगळवार, ९ नोव्हेंबर

ही वही हिल्काने आणून दिली. म्हणाली, "त्या गोलकीपरांचं पुराण मला जेवताना ऐकवू नकोस, इथे लिही." बायको असावी तर अशी! बरं, लिहितो.

पेर्तीला शेवटी माझी आठवण झाली. तो गावातल्या बारा वर्षांखालच्या पोरांच्या आइस हॉकी संघाचा कोच. जन्मभर स्वतः पुढे पळून गोल मारत आला, त्यामुळे मागे जाळ्यापुढे उभं राहणाऱ्या माणसाचं त्याला ओ की ठो कळत नाही. काल कॉफी पिताना म्हणाला, "ताइस्तो, तीन गोलकीपर आहेत. घे पदरात आणि माणसात आण. माझ्या नाकी नऊ आणलेत त्यांनी." कागद गिरणीतून निवृत्त झाल्यापासून मी खिडकीत बसून तळं गोठताना बघतोय. मी कप खाली ठेवायच्या आत हो म्हटलं.

आज शाळेआधी पहिला तास झाला. वेसा गुबगुबीत आहे आणि तोंडाची टकळी बर्फावरही थांबत नाही. आकी इतका चिमुकला की काठीच त्याला ओढत नेते. तिसरी औती, आमच्या खालच्या मजल्यावरच्या राइलीची मुलगी. अकरा वर्षांची, संघातली एकटी मुलगी. पाय असे चालतात की बघत राहावं. पण चेंडूऐवजी असते ती रबरी चकती आली रे आली की डोळे गच्च मिटते. गोल झाल्यावर उघडते आणि विचारते, "गेली का आत?"

"नाही," मी म्हटलं, "लाजून परत गेली."

शनिवार, १३ नोव्हेंबर

आज काठ्या काढून घेतल्या. पोरांचे चेहरे असे झाले जणू मी कपडेच उतरवलेत. म्हटलं, आधी उभं राहायला शिका. गुडघे वाकवा, छाती वर, हात पुढे, जणू गरम सुपाचं भांडं धरलंय. त्यातलं सूप सांडता कामा नये. डावीकडून उजवीकडे सरका, पण डोकं हललं नाही पाहिजे.

मग जाळ्याच्या दोन्ही खांबांना दोरी बांधून तिचं टोक चकतीपाशी आणलं. "ह्या दोरीच्या आत चकतीला जेवढं जाळं दिसतं, तेवढंच तुम्ही झाकायचं. पुढे याल तसं ते कमी होतं." वेसा म्हणाला, "मी न हलताच सगळं झाकतो." ते काही अगदी खोटं नाही.

औतीला दोरीचं एका दमात समजलं. तिला मी जे पुन्हा पुन्हा सांगतो तेच इथे लिहून ठेवतो: गोलकीपरचं निम्मं काम शांत असण्याचं. जो फडफडतो तो गोल खातो. पाय शांत, डोकं शांत, तोंड तर त्याहून शांत. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, गिरणीच्या संघात वीस वर्षं गोल खाऊन खाऊन शिकलो.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

डोळे मिटण्याचं औषध सुरू केलं. आमच्या वेळचंच. गोलकीपरला मास्क घालून भिंतीशी उभं करायचं, हात मागे, आणि तोंडावर टेनिसचे चेंडू मारायचे. चेंडू मास्कच्या जाळीवर आपटून खाली पडतो, काही होत नाही. आठवडाभरात शरीराला कळतं की मास्क आहे, मग पापणी हलत नाही.

आकी दुसऱ्याच चेंडूला रडला. वेसा प्रत्येक चेंडूला "आई गं!" म्हणून नाटकं करत होता. औती उभी राहिली. डोळे मिटत होती, पण तिथून हलली नाही.

"पुरे का?" मी विचारलं.

"डोळे उघडे राहिले का?"

"नाही."

"मग मार अजून."

मला ही पोर आवडते, हे लपवून काय करू?

शनिवार, १८ डिसेंबर

उघडे! आज शेवटपर्यंत उघडे राहिले. घरी येऊन हिल्काला सांगितलं तर तिने वहीकडे बोट दाखवलं.

क्लबचं हेल्मेट औतीला मोठं होतं आणि आतलं अस्तर चपटं झालंय. हिल्काने तिच्यासाठी जाड लोकरीची टोपी विणून दिली, ती आत घातली की हेल्मेट घट्ट बसतं. त्या दोघींचं बरं जमतं.

पेर्तीने आज एक बातमी दिली. फेब्रुवारीच्या शेवटी जिल्ह्याचा निवड अधिकारी सामना बघायला येणार. उन्हाळी शिबिरासाठी एक गोलकीपर निवडणार. पुढच्या हंगामापासून मुलींना मुलांच्या संघात खेळता येणार नाही, पण शिबिराला निवडलेल्या मुलीला जिल्हा परवानगी देतो. आणि मुलींचा संघ तर जवळपास कुठे नाहीच. म्हणजे औतीने तो एक सामना जिंकून दिला तरच तिचं हॉकी उरणार.

मी तिला ते बर्फावरच सांगितलं. तिने खांबावर काठी टकटक वाजवली आणि म्हणाली, "मग चेंडू नको आता. चकती मार."

शनिवार, ८ जानेवारी

उणे अठ्ठावीस. बर्फाच्या रिंकच्या हॉलमध्येही श्वास दाढीवर गोठत होता. पेर्तीकडून पंधरा वर्षांची दोन मोठी पोरं मागून घेतली, जोरात मारणारी. लहानांच्या फटक्यांवर औती आता झोपेतही खेळेल.

तासाच्या शेवटी एक फटका उसळला आणि तिच्या हेल्मेटवर, कानाच्या वर बसला. आवाज मोठा झाला. ती आडवी झाली. मी धावलो. पण मी पोचेपर्यंत ती गुडघ्यावर उठून बसली होती.

"दुखलं?"

"नाही."

"ही किती बोटं?"

"दोन."

माझ्या हातात जाड लोकरी मोजा होता, अंगठ्याशिवाय बोटं वेगळी दिसतच नव्हती. सगळे हसले, मीही. तिचीही काय थट्टा! अशा वेळी विनोद सुचणारं पोर मी पाहिलं नव्हतं. तिने उरलेल्या सगळ्या चकत्या अडवल्या.

मंगळवार, ११ जानेवारी

मी ज्याची वाट बघत होतो ते आज दिसलं. औती शांत झालीय. नेहमीची वळवळ नाही, वेसाला टोमणे नाहीत, "परत मार, परत मार" नाही. जाळ्यापुढे उभी राहते आणि चकतीकडे बघत राहते. पेर्ती काचेपलीकडून बघत होता. म्हणाला, "हिला काय पाजलंस रे?" माझी छाती फुगली.

एकच गोष्ट, उजव्या पायाचा पॅड डाव्या पायाला बांधून आली. "लक्ष कुठे आहे, महाराणी?" म्हणून मी तिला ओरडलो. तिने मान खाली घालून तो सोडला. बांधायला आज वेळ लागला तिला, शेवटी वेसाने बांधून दिला.

शनिवार, २२ जानेवारी

औतीला रिंकच्या मागे ओकारी झाली. वेसाने तिच्यापुढे उभं राहून आडोसा धरला होता, म्हणून मला आधी दिसलंच नाही. मी म्हटलं, "शाळेतले कालचे, जनावराचं रक्त घालून केलेले पॅनकेक असणार, दुसरं काय!" आणि तेच राइलीलाही जिन्यात बोलून बसलो. ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. अशी भडकली!

"दोनशे पोरांनी खाल्लं, कोणाला झालं नाही. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस, ताइस्तो. ती शाळेतून येते आणि पडदे ओढून झोपते. परवा फळ्यावरचं वाचता आलं नाही म्हणून शिक्षिकेची चिठ्ठी आली. माझी मुलगी, जिने जरा गप्प बसावं म्हणून मी देवाला हात जोडायचे, ती आता बोलतच नाही."

मी समजावलं. जानेवारीचा अंधार आहे, वाढीचं वय आहे, सकाळी लवकर उठते. आणि गोलकीपर असेच असतात. सामना जवळ आला की ते स्वतःच्या आत जातात. मीही हिल्काशी बोलत नसे.

"म्हणजे ती खेळतेय चांगली?"

"राइली, मी इतक्या वर्षांत असं पोर बघितलं नाही."

त्यावर ती जरा निवळली. एकटीने वाढवलेली मुलगी, तिचं कौतुक ऐकून कोणाला बरं वाटणार नाही? संध्याकाळी सौनामध्ये हे सगळं हिल्काला सांगितलं. तिने गरम दगडांवर पाणी ओतलं आणि वाफेतून म्हणाली, "तिला डॉक्टरकडे ने." हिला प्रत्येक गोष्टीत डॉक्टर.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

राइलीने आरोग्य केंद्रात वेळ घेतली होती, उद्याची. आज वाटाण्याच्या सुपाचं भांडं द्यायला गेलो तेव्हा कळलं.

मी तिथेच टेबलाशी बसलो आणि तिला सरळ सांगितलं. तिथला डॉक्टर नवा आहे, दक्षिणेतून आलेला. असे लोक काही सापडलं नाही तरी सावधगिरी म्हणून एक महिना खेळ बंद लिहून देतात. एक महिना म्हणजे सामना गेला. सामना गेला की शिबिर गेलं, आणि शिबिर गेलं की औतीचं सगळंच गेलं. तीन आठवड्यांनी जा ना, कोण नको म्हणतंय? मी स्वतः गाडीतून नेईन.

राइलीने सुपाचं भांडं ओट्यावर ठेवलं. मग तिने आतल्या खोलीच्या दाराकडे बघून विचारलं, "औती, तूच सांग. जायचं का?"

आतून "नाही" आलं. लगेच आलं, माझ्या बोलण्याआधीच तयार ठेवल्यासारखं.

राइलीने फोन करून वेळ पुढे ढकलली. मी बरोबर केलं. रात्रभर हाच विचार येत राहिला, म्हणून लिहितोय: मी बरोबर केलं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

तरीही राहवेना. आज तासानंतर औतीला गाडीत बसवून आणताना मी विचारलं, "खरं सांग, काही होतंय का तुला?"

"रिंकचे दिवे आवाज करतात."

"त्या जुन्या नळ्या आहेत, त्या गुणगुणतातच. मलाही ऐकू येतं." येतं, थोडं.

"मग काही नाही." जरा वेळाने म्हणाली, "तू मला काढणार नाहीस ना?"

"वेडी आहेस का? तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

तिने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. गाव येईपर्यंत झोपली होती. मला उगाचच भरून आलं. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

आकीच्या आईने आजपासून आकीला पाठवणं बंद केलंय. चेंडूंचं कारण दिलं. असो.

शनिवार, २६ फेब्रुवारी

सामना झाला. मला क्रमाने लिहिता येतं का बघतो.

निवड अधिकारी पहिल्या रांगेत बसला होता, हातात कॉफी. औतीने पहिल्या दोन भागांत एकही गोल दिला नाही. दगडासारखी उभी. लोक तिचं नाव घेऊन ओरडत होते. अधिकाऱ्याने पेर्तीला तिचं वय विचारलं.

तिसऱ्या भागाला पुन्हा बाजू बदलतात. औती आपल्या नव्या जाळ्याकडे जायचं सोडून आधीच्याच जाळ्यापुढे जाऊन उभी राहिली. तिथे दुसऱ्या संघाचा गोलकीपर आला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. लोक खो खो हसले. वेसा बाकावरून उडी मारून बर्फावर गेला आणि तिला बाहीला धरून घेऊन आला. मला वाटलं, बिचारी दडपणाखाली आहे. मी काचेवर थाप मारली आणि डोळे दाखवले, म्हणजे बघत राहा.

मग एक फटका आला. कसला फटका, ढकललेली चकती ती. तिच्या मास्कला लागली आणि तिच्या पॅडवर पडली. ती गुडघ्यांवर बसली. चकती तिच्याखाली राहिली. पंचाने शिट्टी वाजवली, अडवली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती उठली नाही. हळूहळू पुढे कलली आणि मास्क बर्फाला टेकला. टाळ्या अजून चालू होत्या.

हेल्मेट मी काढलं. डोळे उघडे होते. मी तिला हाक मारत होतो आणि ती उघड्या डोळ्यांनी दुसरीकडेच बघत होती.

सोमवार, २८ फेब्रुवारी

ऊलू शहराच्या मोठ्या इस्पितळात नेलंय. कवटीच्या आत रक्त साठलं होतं. डोकं उघडून ते काढलं. वाचेल म्हणतात. पुढचं कोणी काही म्हणत नाही.

राइलीने फोनवर सांगितलं की डॉक्टर विचारत होते, याआधी कधी लागलं होतं का. ती म्हणाली, मला माहीत नाही, ताइस्तोला विचारते. मी म्हटलं, नाही, शनिवारचंच. फोन ठेवला आणि मग मला तो जानेवारीतला फटका आठवला. पण त्यानंतर तर ती इतकी छान खेळत होती!

संध्याकाळी वेसा आला. दारातच उभा राहिला, बूट काढले नाहीत.

"तिला दोन-दोन दिसायचं," तो म्हणाला. "त्या मोठ्या पोराने मारल्यापासून. दोनातल्या डाव्या चकतीकडे जायची, ती खरी असायची. तिने मला सांगितलेलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिने शपथ घातलेली. म्हणाली, ताइस्तोला कळलं तर तो मला काढेल."

"मी असं कधी म्हटलं होतं?"

वेसाने माझ्याकडे नीट बघितलं. त्याचा चेहरा आज गुबगुबीत वाटला नाही. "तू म्हणायचास ना, गोलकीपरचं तोंड शांत पाहिजे." मग रडायला लागला. मी त्याला आत घ्यायला हात पुढे केला तर तो जिना उतरून पळाला.

हिल्का सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलावं असं मला फार वाटत होतं, काहीही, शिव्यासुद्धा. तिने बटाटे सोलले, वाढले, जेवली आणि आत गेली.

शुक्रवार, ४ मार्च

पेर्ती येऊन गेला. म्हणतो, अपघात होतात, खेळच तसा आहे. अधिकारी म्हणे औतीबद्दल फार चांगलं बोलला. मी त्याला दार दाखवलं.

मला झोप नाही. मी पुन्हा पुन्हा तेच ताडून बघतो. पाय शांत, डोकं शांत. मला जे हवं होतं तेच दिसत होतं आणि तेच तर आजारपण होतं. मग ती खरंच चांगली खेळत होती की नाही? कोणाला विचारू हे? हा प्रश्न मला अजून पडतो याचीच लाज वाटते.

शनिवार, १२ मार्च

राइलीचा निरोप आला, औती शुद्धीवर आहे, थोडं बोलते, आणि ताइस्तोला बोलवा म्हणते. सकाळच्या बसने ऊलूला गेलो. हिल्का म्हणाली, "तू एकटाच जा." वाटेत तळ्यांवर ऊन होतं. किती दिवसांनी मला बरं वाटत होतं. तिने मला बोलावलं होतं.

अर्धं डोकं भादरलेलं, टाके, मनगटं काडीसारखी. मला बघून तिने ओळखलं. "ताइस्तो," म्हणाली. जीभ जड होती. मी दारातच उभा राहिलो, पुढे पाऊल उचलेना. राइली पलंगाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

तेवढ्यात डॉक्टर आली. तरुण मुलगी, हातात छोटी बॅटरी. तिने औतीच्या डोळ्यांत उजेड टाकला आणि विचारलं, "औती, डोकं दुखतंय का?"

औतीने डॉक्टरकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"नाही."

"चक्कर येते?"

"नाही."

"उजेडाचा त्रास होतो?"

"नाही." खिडकीचे पडदे घट्ट ओढलेले होते. बोलता बोलता ती उशीवरून वर सरकली. मान ताठ केली, छाती वर काढली, दोन्ही हात पांघरुणावर पुढे घेतले. डोळे मोठे उघडले आणि तसेच ठेवले. त्यांतून पाणी यायला लागलं तरी मिटले नाहीत.

डॉक्टरने बॅटरी बंद केली. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी काही बोललो नाही," मी म्हटलं.

"हो. तरी थांबा."

मी राइलीकडे बघितलं. ती औतीचा हात चोळत होती. मी बाहेर आलो. दार पूर्ण लागलं नव्हतं. आत डॉक्टरने तेच पुन्हा विचारलं, हळू आवाजात. 

मग औतीने विचारलं, "तो गेला?"

"गेला," राइली म्हणाली.

"दुखतंय," औती म्हणाली. "आई, दुखतंय. खूप दुखतंय. सारखं दुखतंय." आणि रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, मोठ्याने, श्वास न घेता. थांबेचना. राइली तिला म्हणत होती, रड बाळा, रड.

बसला अजून पुष्कळ वेळ होता. मी आत गेलो नाही.